गरोदरपणात दाढ दुखत असेल तर बाळंतपण होईपर्यंत थांबावे का?

तुम्हाला पाचवा महिना सुरू आहे, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते, उजवीकडची खालची दाढ रात्री ठणकते आणि सासूबाईंचे म्हणणे असे की गरोदर बाईने दाताला हात लावू देऊ नये, इंजेक्शनची बाळाला बाधा होते. तेव्हा बाळंतपणापर्यंत थांबावे का, असे तुम्ही विचारले आहे. ताई, थांबू नका. याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवा. चौथ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचा काळ दातांच्या उपचाराला सर्वांत सोयीचा असतो, कारण सुरुवातीच्या उलट्या आणि मळमळ बहुधा ओसरलेली असते आणि पोट अजून इतके वाढलेले नसते की खुर्चीवर अर्धा तास टेकून बसणे जड जावे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दंतवैद्य म्हणून काम करते. ‘दाढ दुखस’ म्हणत येणाऱ्या गरोदर बायका दुखणे सुरू झाल्याबरोबर क्वचितच येतात. सहन होईनासे झाले की मगच येतात, आणि त्याआधी घरातल्या कोणीतरी मायेपोटीच त्यांना ‘आता नको, मोकळी झाल्यावर बघू’ असे सांगितलेले असते. हे ‘मोकळी झाल्यावर’ आपल्याकडे प्रत्यक्षात केव्हा येते, याचा हिशेब एकदा करून पाहावा. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, बाळंतपणानंतर सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, मग बाळाचे पाजणे आणि जागरणे, मग सासरी परतणे, आणि तोवर कापूस वेचणीचे दिवस आले की दाढेची आठवण कोणाला राहणार? चार महिन्यांची म्हणून पुढे ढकललेली गोष्ट सहज वर्षभर लांबते. दाढेतली कीड मात्र तोवर थांबून राहत नाही. ती आधी दाताच्या नसेपर्यंत पोहोचते, तेव्हा रात्रीचा ठणका सुरू होतो. पुढे नस मरते आणि दुखणे आपोआप थांबते, त्यामुळे बरे वाटल्याचा भास होतो. आणि त्यानंतर मुळाशी पू धरून एके दिवशी गाल सुजतो. तुमची दाढ रात्री ठणकते म्हणजे बहुधा पहिली पायरी आलेली आहे.

आठव्या महिन्यातली एक बाई माझ्याकडे आली होती, तिने ठणका दबावा म्हणून दाढेच्या खड्ड्यात कित्येक दिवस तंबाखूची चिमूट दाबून ठेवली होती. गालाच्या आतली कातडी पांढरी पडून सोलवटली होती, जबड्याखाली टणक सूज होती आणि तोंड जेमतेम एक बोट जाईल इतकेच उघडत होते. अशा अवस्थेत काम माझ्या दवाखान्यात होऊ शकत नव्हते. तिला मोठ्या रुग्णालयात भरती करून, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिरेतून औषधे द्यावी लागली आणि पू काढावा लागला. आई आणि बाळ दोघेही सुखरूप राहिले, परंतु सहाव्या महिन्यात जे काम एका छोट्या इंजेक्शनाने झाले असते, त्यासाठी तिला कितीतरी जास्त औषधे आणि कितीतरी जास्त यातना घ्याव्या लागल्या. औषध आणि इंजेक्शन टाळायचे म्हणून थांबणाऱ्याला शेवटी तेच अधिक घ्यावे लागते, हे मला तुमच्या सासूबाईंना हात जोडून सांगावेसे वाटते. त्यांची काळजी खरी आहे, फक्त धोका कुठे आहे याचा त्यांचा अंदाज उलटा आहे.

आता उपचाराच्या वेळी नेमके काय होते ते सांगते, म्हणजे भीती कमी होईल. आत गेल्यावर सर्वांत आधी कितवा महिना आहे, रक्तदाब आणि साखर कशी आहे, कोणत्या गोळ्या सुरू आहेत, हे सांगा आणि तपासणीचे कार्ड दाखवा. पोट मोठे असेल तर तुम्हाला अगदी उताणे झोपवू नये. उताणे पडल्यावर गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या नीलेवर येतो, रक्त हृदयाकडे नीट परतत नाही आणि घाम येऊन चक्कर आल्यासारखे होते. म्हणून उजव्या कुशीखाली छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल सरकवून शरीर थोडे डावीकडे कलते ठेवायचे असते. डॉक्टरांच्या लक्षात आले नाही तर तुम्ही स्वतः उशी मागा, त्यात संकोच नको. दाढ बधिर करण्यासाठी जे लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात, ते हिरडीत, अगदी मोजक्या मात्रेत दिले जाते आणि गरोदरपणात ते सुरक्षित मानले जाते. किडीची खोली पाहण्यासाठी दाताचा छोटा एक्स-रे लागला तर तोही काढता येतो. किरण जबड्यावर रोखलेले असतात, मात्रा अत्यल्प असते आणि पोटावर शिशाचा एप्रन घालतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे की असा एक्स-रे, स्थानिक भूल, दात काढणे, रूट कॅनल आणि भरणी यांपैकी कशासाठीही गरोदरपण संपण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यामुळे नस वाचण्यासारखी असेल तर भरणी, नसेल तर रूट कॅनल, आणि दाढ अगदीच गेलेली असेल तर काढणे, यांपैकी जे लागेल ते करून घ्या. भरणी करताना पाऱ्याच्या चांदीसारख्या मसाल्याऐवजी दाताच्या रंगाची मागा. दात पांढरे करणे, तारा बसवणे, इम्प्लांट यांना मात्र काहीही घाई नाही, ती नंतरची कामे आहेत.

दुखण्याच्या गोळ्यांबाबत मी कळकळीने सांगते, कारण नुकसान होण्याची खरी जागा ही आहे. मेडिकलमधून ‘दाढदुखीची गोळी द्या’ म्हणून मागितले की डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइड असलेली गोळी हातात पडण्याची शक्यता मोठी असते. या गटातल्या गोळ्यांमुळे विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये दिला, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकुंचन पावण्याचीही भीती असते. तुमचा पाचवा महिना म्हणजे तुम्ही नेमक्या त्याच उंबरठ्यावर आहात. पॅरासिटामॉल चालते, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. जंतुसंसर्ग असेल तर अ‍ॅमॉक्सिसिलीनसारखी प्रतिजैविके दिली जातात. डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन मात्र घेऊ नयेत, कारण ती बाळाच्या घडत असलेल्या दातांत उतरून त्यांना कायमचा पिवळसर-तपकिरी डाग पाडतात. बाळाचे दुधाचे दात पोटात असतानाच घडू लागतात आणि चौथ्या महिन्यापासून त्यांत कॅल्शियम भरू लागते, ही गोष्ट घरात सांगितली तर सगळ्यांचे लक्ष या विषयाकडे वेगळ्या नजरेने जाते, असा माझा अनुभव आहे. दाढेवर लवंगेच्या तेलाचा बोळा तासन्‌तास ठेवू नका आणि गोळी फोडून खड्ड्यात भरू नका. दोन्हींनी हिरडी भाजते.

हिरड्यांतल्या रक्ताचे कारण निराळे आहे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढल्यामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो आणि दातांवर साचणाऱ्या चिकट थराला त्या नेहमीपेक्षा जास्त चिडून प्रतिसाद देतात. आरशासमोर उभे राहून खालचा ओठ ओढून पाहा: दोन दातांच्या मधला हिरडीचा त्रिकोण निरोगी असताना गुलाबी, टोकदार आणि घट्ट बसलेला असतो, सूज असेल तर तो लालभडक, गुळगुळीत, फुगीर दिसतो आणि ब्रश लागताच रक्त येते. गरोदर स्त्रियांपैकी ६० ते ७५ टक्के जणींना ही सूज येते, त्यामुळे घाबरण्यासारखे काही नाही, परंतु बहुतेक जणी रक्त दिसल्यावर जी गोष्ट करतात ती चुकीची असते: त्या तिथे ब्रश लावणे बंद करतात. मग थर आणखी साचतो आणि सूज आणखी वाढते. रक्त येते तिथेच मऊ ब्रशने, हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर, हळुवारपणे पण नीट घासायचे, दिवसातून दोनदा, फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने. कीटण धरले असेल तर स्केलिंग करून घ्यावे. पाचवा महिना त्यालाही उत्तम. काही जणींना हिरडीवर लाल, मांसल गाठ येते, तिला पटकन रक्त येते आणि पाहणाऱ्याला ती कर्करोगाची वाटते. ती बहुधा तशी नसते आणि बाळंतपणानंतर आपोआप आक्रसते, तरी दाखवून मात्र घ्यावी.

हिरड्यांच्या आजाराने बाळंतपण वेळेआधी होते, असेही तुमच्या वाचनात येईल. या दोहोंचा संबंध १९९६ पासूनच्या अनेक अभ्यासांत दिसला आहे, परंतु २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८२३ गर्भवतींच्या अमेरिकेतल्या चाचणीत गरोदरपणी हिरड्यांवर उपचार केल्याने वेळेआधीच्या बाळंतपणांचे प्रमाण घटले नाही. म्हणून त्या भीतीने उपचार घ्या असे मी सांगणार नाही. त्याच चाचणीत हे उपचार गरोदरपणात सुरक्षित असल्याचे दिसले, आणि तुमच्या प्रश्नाला तेवढे उत्तर पुरेसे आहे.

‘प्रत्येक बाळंतपणाला एक दात जातो’ हेही तुम्ही ऐकले असेल. बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेत नाही. आहारातून कमी पडले तर ते आईच्या हाडांतून जाते, म्हणून सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी मात्र घेऊ नयेत. दात जातात ते किडीमुळे, आणि कीड वाढते ती या काळातल्या सवयींमुळे. मळमळ दबावी म्हणून दिवसभर चहात बुडवलेले टोस्ट, खारी, बिस्किटे थोडी थोडी खाल्ली जातात. डोहाळ्यांची चिंच आणि कैरी असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा तोंड कोरडे पडते आणि तहान पाण्याऐवजी उसाच्या रसाने किंवा थंड सरबताने भागवली जाते. लाळ कमी आणि साखर वारंवार, हे दातांना सर्वांत घातक आहे. खाणे कमी करा असे मी म्हणत नाही, पोषण हवेच. गोड किंवा चिकट पदार्थ जेवणासोबत खा, मधल्या भुकेला शेंगदाणे, फुटाणे, दही, ताक घ्या, केळ्यानंतर चूळ भरा आणि रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नको.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. पोटातल्या आम्लाने दाताचे वरचे कवच काही वेळ मऊ पडलेले असते आणि ब्रशने ते झिजते. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तासाने ब्रश करा. पेस्टच्या वासानेच उमळत असेल तर पेस्ट अगदी थोडी घ्या किंवा वेळ बदला.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. घरात मशेरी किंवा तपकिरीने दात घासण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. अनेक बायका तिला तंबाखू समजतच नाहीत, पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा धूरविरहित तंबाखूचा वापर करणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते. राख, कोळशाची पूड आणि भरड दंतमंजनही नकोच.

दाखवायचे कुठे, हा खेड्यात राहणाऱ्यांचा खरा प्रश्न असतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक आहेत का, हे आशाताईंना विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी असते, त्या दिवशी गेलात तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून ‘दातांचा उपचार करण्यास हरकत नाही’ अशी चिठ्ठीही घेता येईल. ती सक्तीची नाही, पण रक्तदाब किंवा साखर वाढलेली असेल तर आवश्यक आहे, आणि एरवीही घरच्यांच्या मनाला तिचा आधार वाटतो. सासूबाईंना सोबतच न्या, त्यांच्या शंका त्यांना स्वतः विचारू द्या. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर ९ तारखेची किंवा कशाचीच वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. रूट कॅनल सुरू झाले तर त्याला दोन-तीन खेपा लागू शकतात, म्हणून माहेरी जाण्याआधी ते पूर्ण होईल अशा तारखा आत्ताच ठरवून घ्या. अर्धवट राहिलेच तर काय झाले आहे आणि काय बाकी आहे ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, एक्स-रे सोबत ठेवा आणि माहेरच्या गावी दुसऱ्या दंतवैद्याकडे ते दाखवा.