दातांचं क्लिनिंग आणि सासूबाईंची अर्धी बरोबर शंका

तुमचं वय ३४, आजवर एकदाही क्लिनिंग केलेलं नाही, ब्रश करताना थुंकीत रक्त दिसतं आणि डेंटिस्टने स्केलिंग (मशीनने दातांवरचं किटण काढणं) करायला सांगितलंय. घरी मात्र सासूबाईंनी बजावलंय की मशीन लावून घेऊ नका, दात खिळखिळे होतात, त्यांच्या जाऊबाईंचे झाले. तर दुखतं का, वेळ किती लागतो आणि सासूबाई म्हणतात ते खरं का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. ३९व्या वर्षी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलो, आज ५३चा आहे आणि मधली सगळी वर्षं नियमाने जात आलोय. सासूबाईंपासूनच सुरुवात करतो, कारण त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीत.

आमच्या आईने चाळीस वर्षं मशेरी लावली. ६४व्या वर्षी तिला कशीबशी दवाखान्यात नेली. खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटणाची सलग भिंत झाली होती, चारही दात एकाच दगडात बसवल्यासारखे. डॉक्टरबाईंनी मशीन हातात घ्यायच्या आधी तिला आरसा दिला, एक्सरे दाखवला आणि स्पष्ट सांगितलं, "काकू, हे काढलं की मधले दोन दात हलतील. ते आत्ताही सुटलेलेच आहेत, या भिंतीने धरून ठेवलेत." एक्सरेत दाताभोवतीचं हाड मुळाच्या निम्म्याखाली गेलेलं मलासुद्धा दिसलं. किटण निघालं, दात हलले, आणि घरी आल्यावर आईने अख्ख्या वाड्याला सांगितलं की मशीनने दात हलवले. जाऊबाईंचंही बहुधा असंच झालं असणार. आईच्या त्या दोन दातांतला एक वर्षभरात काढावा लागला. बाकीच्या दातांनी आई अजून चकली खाते.

आणखी एक. आईच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही आणि तिला तेच मशेरीचं यश वाटायचं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हिरडी आतून कुजत असली तरी रक्त फारसं येत नाही. तुमच्या हिरड्यांतून येतंय, म्हणजे त्या निदान ओरडून सांगताहेत. तुमच्या वयात बऱ्याचदा सूज हिरडीपुरतीच असते आणि ती पूर्ण उतरते. ती खाली हाडापर्यंत पोचली की प्रश्न निराळा, कारण झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

किटण म्हणजे काय हे समजून घ्यायला बोअरच्या पाण्याची बादली आठवा. कडेला पांढरी खपली धरते आणि घासणीने जात नाही, तसंच. दातावर रोज जो चिकट थर बसतो तो ब्रशने निघतो. काही दिवस तसाच राहिला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून त्याचा दगड होतो, मग ब्रश कितीही घासा. जिभेखाली लाळेच्या नळ्या जिथे उघडतात, त्यांच्या समोरच खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू येते, म्हणून सगळ्यात जास्त किटण तिथे. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू, तिथेही एक नळी उघडते. जिभेने खालच्या दातांच्या मागे चाचपून बघा, बहुतेक खरखरीत लागेल.

आता प्रत्यक्ष काय होतं ते.

आधी विचारपूस. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डायबेटिस, गरोदरपण, हृदयाची कृत्रिम झडप, पेसमेकर, यातलं काहीही असेल तर खुर्चीत आडवं व्हायच्या आधी सांगा. झडप बसवलेली असेल तर तासभर आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. डायबेटिस आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात: साखर वाढली की हिरड्या सुजतात आणि हिरड्या सुजल्या की साखर आटोक्यात यायला कुरकुरते.

मग मोजमाप. बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच घालतात आणि आकडे बोलतात: दोन, तीन, दोन, चार. तीनपर्यंत ठीक. चारच्या वर आकडे येऊ लागले की दगड हिरडीच्या खाली उतरलाय असं समजा. पाच-सहा आले तर साध्या स्केलिंगने भागत नाही. मग भूल देऊन मुळापर्यंत सफाई करतात, तीही तोंडाचे भाग पाडून दोन-तीन खेपांत. पहिल्यांदा जाणाऱ्याचं हे मोजमाप व्हायलाच हवं. बदलीच्या गावी एकदा एका दवाखान्यात सात-आठ मिनिटांत सगळं उरकलं, सळई बाहेरसुद्धा काढली नाही, आणि उठायच्या आत दात पांढरे करायचं पॅकेज पुढे केलं. वरवर दात लखलखीत दिसत होते. तीन महिन्यांत उजव्या दाढेची हिरडी टम्म सुजली, कारण हिरडीखालचं सगळं जागच्या जागी होतं.

मशीनचं टोक गिरमिटासारखं फिरत नाही, ते थरथरतं, सेकंदाला २५ हजारांहून जास्त वेळा, पण मिलिमीटरच्या बारीकशा अंशाइतकंच. त्या थरथरीने किटण तडकून सुटतं. टोक तापू नये म्हणून त्यातून सतत पाण्याचा फवारा येतो. आवाज म्हणाल तर डास दहापट मोठा करून कानाशी सोडल्यासारखा. बहुतेकांना दुखण्यापेक्षा हा आवाज आणि तोंडात साठणारं पाणीच नकोसं होतं. लाळ ओढणारी नळी असते, तरी पाणी घशाकडे जातंच. नाकाने श्वास घ्यायचा, जीभ मागे ओढून घसा अडवायचा आणि डावा हात वर केला की थांबायचं, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या. सर्दीने नाक चोंदलं असेल तर सरळ तारीख बदला. मी एकदा तसाच गेलो होतो आणि अर्ध्या तासात पाच वेळा उठून बसलो.

दुखतं का? हिरडीच्या कडेला टोचतं, आणि जिथे दाताचं मूळ उघडं पडलंय तिथे झणका येतो, बर्फ चावल्यासारखा. सुजलेल्या हिरडीला जास्त जाणवतं. सहन होत नसेल तर जेल किंवा भुलीचं इंजेक्शन मागा, त्यात लाज कसली. मला पहिल्या वेळी ४५ मिनिटं लागली, हल्ली पंचवीसेक लागतात. चूळ भरताना रक्त बघून दचकू नका.

माझ्या पहिल्या वेळी खालच्या दातांमागून निघालेला एक तुकडा डॉक्टरांनी कापसावर ठेवून दाखवला. ज्वारीच्या दाण्याएवढा, पिवळट तपकिरी, एका बाजूने दाताच्या गोलाईचा अगदी साचा. इतकी वर्षं हे तोंडात घेऊन जेवत होतो या विचाराने त्या दिवशी संध्याकाळी जेवण गेलं नाही.

शेवटी पॉलिश. रबराच्या छोट्या वाटीने खरखरीत पेस्ट फिरवतात, तोंडात रांगोळी गेल्यासारखं वाटतं. चहाचे, तंबाखूचे डाग निघतात, दाताचा मूळ रंग बदलत नाही. तो अनेकांचा जातीचाच पिवळसर असतो. त्यासाठी ब्लीचिंग हा निराळा धंदा आहे, आणि ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय त्यांनी आधी तिकडे बघूच नये.

घरी आल्यावर जीभ दिवसभर दातांच्या मागे जाऊन बसते. 'फटी पडल्या' असं वाटतं. फटी होत्याच, त्यात दगड भरला होता. शिवाय हिरडीची सूज उतरली की दोन दातांमधला काळा त्रिकोण आणखी उठून दिसतो. आरशात ते बघून पुष्कळ लोक डॉक्टरला शिव्या घालतात. गार पाणी लागतं, दात आंबल्यासारखे होतात. हे काही दिवस, फार तर दोन आठवडे चालतं. पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट सुरू करा, पण ती हळूहळू काम करते, दोन दिवसांत शिव्या देऊ नका. पहिल्या रात्री तिखटजाळ रस्सा टाळा. क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉश दिलं तर सांगितलं तेवढेच दिवस वापरा, लांबवलं की दातांवर तपकिरी डाग धरतात, आणि ब्रश केल्या केल्या घेऊ नका, मध्ये अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टचा फेस त्याचं काम बिघडवतो.

रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश लावायचा सोडला असेल तर तिथेच गडबड आहे. नेमक्या तिथेच ब्रश पोचत नसतो. मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेला तिरका धरा आणि फटींसाठी बारीक इंटरडेंटल ब्रश वापरा. डॉक्टरांकडून माप घ्या, अंदाजाने जाड ब्रश घुसवू नका. ऑनलाइन मिळणारे लोखंडी हुक आणून घरी किटण खरवडू नका. लिंबू-सोड्याचा उपाय कुणी सुचवला तर हात जोडा. लिंबाच्या आंबटाने दाताचं वरचं कवच मऊ पडतं आणि घासताना तेच निघून जातं. मशीनने कवच जातं म्हणून घाबरणारे लोक लिंबू मात्र आनंदाने चोळतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

खर्च गावागावांत वेगळा. मला मागच्या वेळी १२०० रुपये पडले. परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत फार कमी पैशांत होतं. तिथे शिकणारी मुलं सरांच्या देखरेखीखाली करतात, वेळ दुप्पट लागतो, पण माझ्या भाच्याचं तिथे जितक्या बारकाईने झालं तितकं माझं खाजगीत क्वचितच होतं.

दर सहा महिने हा काही कायदा नाही. मला पहिली दोन वर्षं चार-चार महिन्यांनी बोलावत होते, माझ्या बायकोला वर्षातून एकदा पुरतं. तुमचं अंतर त्या मोजमापावर ठरेल. तेव्हा सकाळची वेळ घ्या, नाश्ता करून जा आणि सळईचे आकडे कागदावर लिहून मागा. चारच्या वर किती जागा निघाल्या ते इथे सांगा, मग पुढचं बोलू.