विहिरीचं पाणी असलेल्या घरात मुलीला रात्रीच्या लेन्स द्याव्यात का?

तुम्ही लिहिलंय, मुलगी ९ वर्षांची, नंबर −२.७५, वर्षभरात पाऊण नंबर वाढला, राहायला गुहागरजवळ, पाणी विहिरीचं. ऑर्थो-के लेन्स (रात्री घालून झोपायच्या, सकाळी काढायच्या कडक लेन्स) देता येतील का?

वय आणि नंबर बघता देता येतील. मात्र नंबर थांबत नाही, वाढीचा वेग कमी होतो. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत डोळ्याची लांबी चष्मेवाल्या मुलांपेक्षा ४३ टक्के कमी वाढली. कडक लेन्स रात्रभर बुबुळाचा मधला भाग किंचित सपाट करते, त्यामुळे दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. लेन्स बंद केली की काही दिवसांत नंबर परत येतो. म्हणून ‘आता नंबर शून्य झाला’ यावर जाऊ नका. दर सहा महिन्यांनी बायोमीटरवर डोळ्याची लांबी मोजून घ्या, खरा हिशोब तोच. जिथे बायोमीटर आणि बुबुळाची टोपोग्राफी (बुबुळाच्या गोलाईचा नकाशा काढणारी तपासणी) दोन्ही नाही, तिथे या लेन्स बसवून घेऊ नका.

आता पाणी. माझ्या मते तुमचा निर्णय इथेच ठरेल. विहीर, बोअर, नळ, फिल्टर, उकळून गार केलेलं, कुठलंच पाणी लेन्सला, डबीला किंवा लेन्स काढायच्या रबरी प्लंजरला लागता कामा नये. पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, आणि पावसाळ्यात विहिरीत टाकतात त्या टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) त्याच्या गाठी, म्हणजे कडक कवचातली सुप्त अवस्था, मरतीलच असं नाही. तो बुबुळात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात, नजरही जाऊ शकते. असं क्वचितच होतं, पण रात्रभर लेन्स घालून झोपण्यात जंतुसंसर्गाचा धोका दिवसा घालण्यापेक्षा जास्तच.

हात साबणाने धुवायला विहिरीचं पाणी चालेल, पण बोटं ठणठणीत कोरडी झाल्याशिवाय लेन्सला हात लावू नका. जुलैत पंचा कधी वाळतच नाही, त्याला हात पुसले तर धुण्याचा उपयोग काय? धागे न सुटणारा टिश्यू वापरा. लेन्स तळहातावर घेऊन कडक लेन्सच्या सोल्यूशनने चोळा, निर्जंतुक सलाईनने धुवा, खोलगट बाजूत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब काठोकाठ भरा आणि मान खाली घालून बसवा. खाली बुडबुडा अडकला तर काढून पुन्हा. डबी न्हाणीघरात ठेवू नका, रोज रिकामी करून टिश्यूवर उपडी घाला, महिन्याला नवी घ्या. उरलेल्या सोल्यूशनमध्ये नवं ओतायचं नाही.

सकाळी सर्वात जास्त चूक होते ती घाईत. रात्रभरात लेन्स बुबुळाला चिकटलेली असू शकते, तशीच ओढली तर वरचा पातळ थर खरवडून निघतो. दोन-तीन थेंब घाला, पाच मिनिटं थांबा, खालच्या पापणीच्या कडेने लेन्सची कड हलकेच दाबा. पापणी मिटताना लेन्स हललेली दिसली की मगच काढा.

ताप, सर्दी, डोळे आलेले असतील तर त्या रात्री लेन्स नाही. म्हणून जुन्या नंबराचा चष्मा जपून ठेवा. डोळा लाल, दुखरा, उजेड सोसत नाही, असं झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, लेन्स आणि डबी तपासणीसाठी सोबत न्या. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालणं सर्वात घातक. पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्या सकाळी, मग आठवड्याने, महिन्याने तपासणी लागते. लेन्स बसवणारे कोल्हापूर-पुण्याला असतील तर ‘डोळा लाल झाला तर चिपळूण-रत्नागिरीत कोणाकडे जायचं?’ हे आधीच विचारून घ्या.

रोज रात्री एवढं करायला मोठं माणूस घरात नसेल, तर नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या कमी शक्तीच्या अ‍ॅट्रोपीनच्या थेंबांबद्दल डॉक्टरांशी बोला. रात्री एक थेंब, चष्मा मात्र चालूच राहतो. आणि दोन्हींपैकी काहीही निवडा, मुलीला रोज दोन तास उजेडात बाहेर खेळू द्या.