मलावीला यायचं म्हणतोस, तर आधी हे वाच

भाऊ, तुझं पत्र दोनदा वाचलं. जळगावची बँकेतली नोकरी सोडून दोन वर्षं आफ्रिकेतल्या मलावीत मदतकार्य करायचं, विश्वास नुसता रविवारपुरता राहू नये, असं तुझं म्हणणं. कागदपत्रं काय लागतील, चर्चने पैसे जमवले तर चालतील का आणि तिथे सुवार्ता सांगता येते का, हे तीन प्रश्न. मी नवापूरची, नर्स, दक्षिण मलावीत हे नववं वर्ष. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण माझी चूक तिथेच झाली होती.

ख्रिस्त इथे तुझ्या कितीतरी आधी पोचलाय. मिशनरी लिव्हिंगस्टन 1859 मध्ये इथल्या सरोवरापर्यंत आला होता. आज चारातले तिघे तरी ख्रिस्तीच. त्यांचं गाणं ऐकलंस की आपली उपासना अळणी वाटेल. तुला बघून कुणी 'पाळकसाहेब आले' म्हणणार नाही. 'म्वेन्ये' म्हणतील, म्हणजे हिंदुस्थानी, आणि तुझं दुकान कुठे ते विचारतील!

मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं. ब्लांटायर शहराच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या चिखलात गाडल्या गेल्या. मेलेले आणि बेपत्ता मिळून हजारावर माणसं गेली. एका शाळेतल्या छावणीत आम्ही मक्याचं पीठ वाटायला गेलो. आधी प्रार्थना ठेवू, ही कल्पना माझी. पाळक तासभर बोलले, ऊन चढत गेलं. रांगेत एक बाई पोर पाठीला बांधून उभी होती. नंतर मी त्या पोराच्या दंडाला पट्टी लावली, ती लाल निघाली. 11.5 सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या अंगणवाडीत दंडघेर मोजतात, तीच पट्टी. त्या पोराला मी एक तास 'आमेन'साठी ताटकळत ठेवलं होतं.

त्या रात्री मला आमचं गाव आठवलं. 1972 च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, सगळ्या गावाने खाल्ली, सुकडीही सगळ्यांनी खाल्ली, पण 'मिलोवाले', म्हणजे धान्यासाठी धर्म बदललेले, हा टोमणा चिकटला तो आम्हा ख्रिस्ती घरांना. माझे आजोबा तर छप्पन्याच्या, म्हणजे 1899-1900 च्या, दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतलेल्या घरातले. त्यांनी तो कशासाठी घेतला, हे त्यांच्या पोरानातवंडांना आजवर लोकांना पटवून द्यावं लागतं. तेच ओझं मी त्या बाईच्या डोक्यावर ठेवायला निघाले होते. मदत कुठल्या धर्ममताच्या प्रचारासाठी वापरायची नाही, हा मदतसंस्थांचा नियम 1994 पासून लेखी आहे, आणि तो मांडणाऱ्यांत रेडक्रॉसबरोबर चर्चच्या जागतिक संस्थाही होत्या. मी तो प्रशिक्षणात वाचला होता. कळला तो त्या रांगेत.

तेव्हापासून आम्ही प्रार्थना सकाळी सहाला करतो, आपापसात, गोदामात. कुणी विचारलं तू का आलास, तर खुशाल सांग. पण पिठाच्या ट्रकजवळ नाही.

आता तुझ्या कामाचं. पोती उचलायला आणि वाटायला इथली माणसं आहेत, आणि त्यांना त्या मजुरीची गरज आहे. त्यांच्या पोटावर पाय देऊ नकोस. तुझं बँकेचं डोकं मात्र हवंय. नोव्हेंबर 2023 मध्ये इथल्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाची, म्हणजे इथल्या चलनाची, किंमत उतरवली, डॉलर एका झटक्यात 44 टक्क्यांनी महागला, आणि आमच्यासारख्या छोट्या कामांची अंदाजपत्रकं विस्कटली. साठा-नोंदी, खरेदी, हिशेब यात कच्चे असलेले चांगुलपणावाले खूप येतात, त्यात मीही होते. चिचेवा शिकायला पहिले सहा महिने दे. 'झिकोमो' म्हणजे धन्यवाद, एवढ्याने भागत नाही.

पैशांचं थोडक्यात. चर्चच्या ट्रस्टने देशाबाहेर खर्च केला तर त्या रकमेला करसवलत मिळत नाही, त्यासाठी आयकर खात्याची वेगळी मंजुरी लागते. आधी सीएला विचार, मग वर्गणीची थाळी फिरवा. टूरिस्ट व्हिसावर येऊन काम करायचं नाही. बोलावणाऱ्या संस्थेला तुझा कामाचा परवाना काढायला सांग, आणि तो हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस. विमान बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीला बदलावं लागेल, म्हणून पिवळ्या तापाची लस निघण्याच्या दहा दिवस आधी तरी घे. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. ते कार्ड नसेल तर परतताना विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. मलेरिया इथे बारमाही. मच्छरदाणीचा कंटाळा केलेले दोघे मी स्वतः सलाइनवर घातलेत.

जमलं तर जानेवारीत ये. आपल्याकडे सातपुड्यात आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होतात, तसं इथे जानेवारी-फेब्रुवारीत होतं. मका एप्रिलशिवाय हाती येत नाही. रोजचं जेवण न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. पहिला महिना घशाखाली उतरणार नाही, मग त्याशिवाय जेवल्यासारखं वाटणार नाही. मुलांना चिपोंडे देतो, शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट. तिचा वास आला की मला घरचा शेंगदाण्याचा कूट आठवतो.

बॅगेत जागा उरली तर दोन किलो कळण्याचं पीठ आण. ज्वारी-उडीद एकत्र दळून देणारी गिरणी मला इथे अजून सापडलेली नाही.