खडकाचा पलंग झाला तेव्हा

प्रश्न : अमेरिकेचे जेम्स थर्बर (१८९४–१९६१) आधी व्यंगचित्रकार की कथाकार? आणि डोळे अधू असताना ते चित्रं कशी काढत?

उत्तर : मी त्यांना आधी कथाकार मानतो. दिवास्वप्नांत रमणाऱ्या वॉल्टर मिटी या पात्रावरची त्यांची १९३९ची कथा दरवर्षी एकदा तरी वाचतो. लहानपणी खेळताना भावाचा बाण लागून त्यांचा डावा डोळा गेला, पुढे उजवाही मंदावत गेला. मग मोठ्या कागदावर, जाड रेघांनी ते चित्र काढत.

त्यांचं सील या समुद्री प्राण्याचं चित्र जरूर पाहा. काढायचा होता खडकावरचा सील. पण खडक पलंगाच्या उशाकडच्या फळीसारखा दिसू लागला. त्यांनी तो खोडला नाही, खाली भांडणारं जोडपं झोपवलं! त्या बाईचा वैतागलेला चेहरा मोजक्या रेघांत उतरलाय. मला तर तीही कथाच वाटते.