नाशिकचे वाडे सायकलवरून : अर्जात 'सायकल' शब्द घालू नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमचाच जुना अर्ज डोळ्यासमोर आला. तुमचा बेत असा : दहा-बारा जण, सकाळी सरकारवाडा, मग आनंदवल्ली, तिथून चांदवडचा रंगमहाल, येताना पांडवलेणीखालची बाग, सगळं एका दिवसात, आणि 'सायकल सहलीसाठी वाडा आतून पाहण्याची परवानगी' असा अर्ज तुम्ही एका ऑफिसात देऊन पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. बहुतेक येणारही नाही. (माझा अंदाज हो, चुकला तर आनंदच आहे.)

हेल्मेट, पाणी, पंक्चर किट वगैरे लिहीत बसत नाही, एवढ्या लांबचा प्लॅन करणाऱ्यांना ते सांगायला लागू नये.

आम्ही असाच अर्ज केला होता. कुठला वाडा, कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, तिथली माणसं बदललीही असतील आणि मला नवा वाद नकोय. टेबलावरच्या बाईंनी आवक रजिस्टरला नोंद केली, मग विषयाच्या ओळीतल्या 'सायकल'वर पेन टेकवून म्हणाल्या, म्हणजे रॅली का? म्हटलं नाही हो मॅडम, सायकलने येणार, वाडा बघणार, जाणार. तेच ते, रॅली. रॅली म्हटल्यावर पोलिसांचं पत्र पाहिजे. चौकीत गेलो तर ते हसले, म्हणे दहा सायकलींना कसली परवानगी, जा बिनधास्त. परत ऑफिसात, तर 'तसं लेखी आणा'. आता परवानगी लागत नाही असं लेखी कोण देणार? मग मंडळाचं लेटरहेड आणा, नोंदणी क्रमांक टाका. आमचं मंडळच नाही, नुसता व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तर म्हणे मग अर्ज कोणाच्या वतीने? असं करत करत दीड-दोन महिने गेले. शेवटी एका साहेबांनी फोनवर सांगितलं, रविवारी या, माणसाला सांगून ठेवतो.

रविवारी दाराला कुलूप, आतून वॉचमन म्हणतो साहेबांचा निरोप नाही. साहेबांचा फोन बंद. फळ्यांच्या फटीतून चौक दिसत होता, एका कोरीव खांबाला पावसासाठी निळा प्लास्टिकचा कागद सुतळीने गुंडाळलेला, तेवढंच आमचं दर्शन. पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली दोघं पायरीवर बसून केळी खात होती. आणि तेवढ्यात एक गाडी आली, कुणाचे तरी पाहुणे असावेत, त्यांच्यासाठी दिंडी दरवाजा उघडला, ते वाकून आत गेले आणि मागून कडी लागली. दोन महिने कागद फिरवले ते कुणी, आणि आत गेलं कोण! असो. अजून लिहिलं तर बीपी वाढेल.

तर माझं मत, पटलं तर घ्या : वाडा नुसता बघायचा असेल तर अर्जच करू नका. आदल्या दिवशी गावातल्या कुणालातरी विचारून घ्या उघडा आहे का, डागडुजीचं काम चालू आहे का, आणि दोघं-तिघं करून साध्या पर्यटकासारखे जा. सगळे एकदम जर्सी घालून दारात उभे राहिलात की समोरच्याला मोर्चाच वाटतो. अर्ज दिलाच असेल तर आवक नंबर आणि शिक्क्याचा फोटो काढून ठेवा आणि शक्य असेल तर नवीन अर्जात 'अभ्यास भेट' लिहा, सायकलचं नावही काढू नका. ड्रोन किंवा शूटिंग असेल तर मात्र लेखी परवानगी घ्याच, तिथे माझा सल्ला ऐकून अडकू नका.

दुसरं म्हणजे चांदवड वेगळ्या दिवशी करा. जाऊन-येऊन १३० किमीच्या आसपास होतं, आणि पांडवलेणी बरोबर उलट्या दिशेला, मुंबईच्या बाजूला आहे. चांदवडहून परतताना दुपारनंतर ऊन थेट डोळ्यांत येतं. शहरातला उड्डाणपूल टाळा, खालून जा. पण चांदवडचा रस्ता मला स्वतःला फार आवडतो, जाताना वडाळीभोईच्या आसपास डावीकडे धोडप किल्ला दिसतो, कातळभिंतीत खाच असलेला, चुकणारच नाही. १७६८ ला थोरल्या माधवरावांनी राघोबादादांना हरवलं ते तिथेच. म्हणून आधी आनंदवल्ली आणि मग धोडप असा क्रम मनात ठेवा, आनंदीबाईंच्या नावाचं गाव, राघोबादादा रुसून बसायचे ते तिथे. फक्त आनंदवल्लीत महाल बघायला जाऊ नका, बघण्यासारखं जवळजवळ काही उरलं नाही, नदीकाठी नवश्या गणपतीला टेकायचं आणि पुढे सोमेश्वरला जायचं. रंगमहाल मात्र निवांत बघा, होळकरांचा आहे, लाकडी खांब आणि भिंतीवरची चित्रं दोन्हीला वेळ लागतो. होळकरांची टांकसाळ चांदवडलाच होती, चांदवडी रुपया तो हाच. परत सायकलने यायची जिद्द नको, पिकअप ठरवून सायकली त्यात टाका, कुणी हसत नाही.

सरकारवाड्याला सायकली घेऊन सराफ बाजारात शिरू नका, गल्ल्या अरुंद आणि चढाच्या. गोदाघाटाकडे कुणालातरी राखणीला बसवून चालत जा, नारोशंकर मंदिराची घंटा पण त्यातच होते. सिंहस्थाच्या कामांमुळे तिकडचे रस्ते अधूनमधून खोदलेले असतात ते बघून घ्या.

बागांबद्दल जरा अपेक्षा कमी ठेवा. मुघलांनी नाशकाला गुलशनाबाद नाव दिलं होतं म्हणून कारंजी आणि गुलाबाचे ताटवे शोधत येतात लोक. आत्ता बघण्यासारखं म्हणजे पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान, ते खरंच छान ठेवलंय. मिसळ त्यानंतर खा, लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या आधी खाल्लीत तर रस्सा आठवत आठवत चढाल.

आणि हो, बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब असतील तर छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, हायवेवरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. पाचपन्नास रुपयांची वस्तू आहे.

कुठल्या महिन्यात येताय ते लिहिलं नाहीत. टोमॅटोच्या सीझनला चांदवडच्या वाटेवर पिंपळगाव बसवंतजवळ क्रेट भरलेल्या पिकअपची रांग लागते, तेव्हा येणार असाल तर पहाटेच ते गाव मागे टाका. तारीख कळवा, जमलं तर आनंदवल्लीपर्यंत मी येईन.