चाळिशीनंतर आयटीआय?

प्रश्न : वय 41, दहावी उत्तीर्ण. चाकणच्या कारखान्यातली नोकरी गेली. आता शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला प्रवेश मिळेल का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : जरूर अर्ज करा. आयटीआय प्रवेशाला किमान वय 14 आहे, कमाल मर्यादा नाही. दहावीला गणित-विज्ञान मात्र हवे. अभ्यासक्रम 2 वर्षांचा, पूर्णवेळ. घरखर्चाची सोय आधी लावा.

नुसता ऑनलाइन अर्ज भरून भागत नाही. मूळ कागदपत्रे घेऊन आयटीआयमध्ये तो निश्चित करावा लागतो. बरेच जण इथेच अडकतात. अर्जातला पहिला विकल्प (पहिल्या पसंतीची आयटीआय आणि अभ्यासक्रम) विचारपूर्वक टाका. तो मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्यांतून बाद. दाखल्यावर ‘सुनील’ आणि आधारवर ‘सुनिल’ असेल, तर आधी आधार दुरुस्त करून घ्या.