जुन्या बाइकची ऑइल गळती: इंजिन खोलण्याआधी हे बघा

रात्रभर साइड स्टँडवर उभ्या राहिलेल्या गाडीखाली सकाळी ऑइलचे थेंब दिसतात, मेकॅनिक अख्खं इंजिन खोलायला सांगतोय आणि तुम्ही विचारताय की बाहेरून सिलिकॉन लावून भागेल का. सध्या दोन्ही करू नका. गळती नेमकी कुठून आहे हे अजून कुणी पाहिलेलंच नाही.

थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. ऑइल खाली उतरतं आणि गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो. ड्रेन बोल्टला लोंबणारा थेंब टॅपेट कव्हरपासून (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) फिन्समधून, म्हणजे इंजिनावरच्या गार करणाऱ्या पट्ट्यांमधून, ओघळत आलेला असू शकतो. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. इंजिन गार असताना रॉकेल किंवा डिग्रीझर आणि जुना टूथब्रश घेऊन ते पूर्ण धुवा. स्प्रॉकेटचं कव्हर काढून आतला चिखलही खरवडून काढा, कारण चेनचं वंगण आणि धूळ मिळून झालेला काळा लगदा बऱ्याचदा इंजिन ऑइल समजला जातो. मागच्या ब्रेकवर काही उडू देऊ नका आणि सगळं पूर्ण सुकल्याशिवाय गाडी सुरू करू नका. मग सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा, दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवा आणि पावडरवर पहिली काळी रेघ कुठे उमटते ते बघा.

तुमची गाडी उभी असताना गळते, हा मोठा धागा आहे. उभ्या गाडीत गळतं ते बहुधा ऑइलच्या पातळीच्या आसपासचं किंवा खालचं काहीतरी: ड्रेन बोल्टचा वॉशर, गिअर शाफ्टचं सील, पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील, मॅग्नेट कव्हरचं (वीज तयार करणाऱ्या भागावरचं झाकण) पॅकिंग. टॅपेट कव्हर किंवा हेडकडची गळती मुख्यतः इंजिन चालू असताना होते. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते आणि बहुतेक गाड्यांची चेन व गिअर शाफ्ट त्याच बाजूला असतात. एक रात्र मेन स्टँडवर ठेवून बघा. थेंब कमी झाले तर डाव्या बाजूचा संशय पक्का होतो.

यानंतरची गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते, ती म्हणजे ब्रीदर पाइप, इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी. पिस्टन खाली येताना क्रँककेसमध्ये (इंजिनाचा ऑइल असलेला खालचा भाग) दाब तयार होतो, शिवाय रिंगांच्या कडेने थोडा गॅस खाली उतरतोच. तो दाब ब्रीदरमधून बाहेर जायला हवा. जुन्या गाडीत हा रबरी पाइप चेपतो, मऊ होऊन चिकटतो किंवा गाळाने बंद होतो. मग दाब सगळ्यात कमजोर सील शोधतो. अशा इंजिनात नवीन सील बसवलं तरी तेही लवकरच पाझरायला लागतं आणि दोष सीलच्या माथी जातो. पाइप काढा, आरपार फुंकून बघा, शंका असेल तर बदलून टाका. ऑइल जास्त भरलं असेल तरी हाच त्रास होतो, त्यामुळे गाडी सरळ उभी करून पातळी तपासा. डिपस्टिक आटे पिळून बघायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तकात दिलेलं असतं. पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) पेट्रोल धरत नाहीये. ती दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत इंजिन चालवू नका.

सिलिकॉनबद्दल स्पष्ट सांगतो. आतून येणारं ऑइल बाहेरच्या लेपाला ढकलत राहतं आणि तेलकट अ‍ॅल्युमिनियमवर तो धरतही नाही. कव्हर उघडून पॅकिंगवर ढीगभर लावलं तर आत फुगलेले तुकडे तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मग हेडकडे ऑइल पोहोचत नाही आणि कॅम खराब होतो. घट्ट ऑइल टाकणं हाही उपाय नाही. गळती थांबवायची म्हणून विकली जाणारी औषधं तर ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या गाडीत टाकूच नका, क्लच घसरायला लागू शकतो.

स्प्रॉकेटमागचं सील निघालं तर ते बाहेरून बदलता येतं का, हे आधी पार्ट्सच्या आकृतीत बघा. काही इंजिनांत सीलला आतून कडा असते, तिथे केस उघडावीच लागते. बाहेरून निघणारं असेल तर सीलच्या पत्र्याच्या भागात छोटा स्क्रू पिळून ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटताना शाफ्टला ओरखडा पडला तर नवीन सीलही गळणार. शाफ्टवरून नख फिरवा. खाच लागली तर, खोली परवानगी देत असेल तिथे, नवीन सील साधारण 1 मिमी पुढे-मागे बसवा, म्हणजे सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी रबरी कड) कोऱ्या जागेवर टेकतो. शाफ्टच्या दातांवर टेप गुंडाळा, ओठाला ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू आत ऑइलकडे ठेवा आणि सीलच्या बाहेरच्या काठाएवढा सॉकेट धरून सरळ ठोका. चेन जास्त ताणलेली असेल तर तीही सैल करा, त्या ताणाने बेअरिंग आणि सील दोन्ही झिजतात.

कव्हरचं पॅकिंग असेल तर जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीनेच खरवडा. डॉवेल पिना (कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या छोट्या पिना) जागेवर आहेत ना ते बघा आणि बोल्ट कर्णरेषेत, टप्प्याटप्प्याने आवळा. 6 मिमी बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात. ‘अजून थोडं आवळू’ म्हणत अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेल्या गाड्या खूप बघितल्यात. ड्रेनचा वॉशर मात्र दर वेळी नवाच टाका.

ब्लॉकच्या खालच्या सांध्यातून ऑइल येत असेल, किंवा ब्रीदरमधून धुराचे जोरदार झोत निघत असतील आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर मेकॅनिकचं म्हणणं बरोबर आहे, इंजिन खोलावं लागेल. आणि ऑइल मागच्या टायरपर्यंत पोहोचतंय असं दिसलं, तर दुरुस्तीपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. पावडरवर पहिली रेघ कुठे दिसली ते मॉडेलच्या नावासकट सांगा, त्या सीलचं पुढचं काम नीट समजावून देतो.